दोनशे चौदा नंबरचा खटला

१९७९ च्या नोव्हेंबरात एका सकाळी प्रताप नगरातल्या आमच्या खोल्यांपुढे दोन पोलीस येऊन उभे राहिले. शेजारच्या खोलीतले चंद्रभान भोयर तेव्हा डबा घेऊन कंपनीच्या बसकडे निघाले होते. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते लेथ चालवायचे आणि पहिली पाळी सातला लागायची. पोलिसांनी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मूळ गाव विचारलं. मग म्हणाले, "चला. पकड वॉरंट हाय तुमच्या नावाचं. एकाहत्तर सालच्या खटल्यातलं."

चंद्रभाननी डबा बायकोच्या हातात दिला आणि पायात चपला आहेत की नाहीत ते खाली वाकून पाहिलं. गोपिकाबाई मात्र आडव्या आल्या. "काहून नेता? काय केलं याहिनं?"

"आमाले काय माहीत बाई? इलेक्शन आलं, जुने वॉरंट निकाली काढा असा हुकूम हाय. कोर्टात विचारा."

हे कोर्ट म्हणजे त्यांच्या गावाकडचं, तालुक्याचं. त्यांचं मोहगाव कळमेश्वरच्या पुढे सात-आठ मैलांवर. १९७१ मध्ये शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भाऊबंदांत हाणामारी झाली होती आणि चंद्रभानचं नाव आरोपींत लिहिलं गेलं होतं. पुढे गावातल्या चार लोकांनी बसून ते मिटवलं, कोर्टातही तडजोड लिहून दिली. १९७४ मध्ये नवरा-बायको नागपूरला आले, कारखान्यात काम मिळालं, आणि तो खटला त्यांच्या लेखी संपला होता.

त्या दिवशी दुपारी चंद्रभानना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. त्यांनी सांगितलं की खटला केव्हाचाच मिटला. साहेबांनी फाईल मागवली, ती कोर्टात नव्हती. गावच्या एका नातलगानं जामीन घेतला आणि पंधरा दिवसांनी कागद घेऊन हजर व्हा, असं सांगून त्यांना सोडलं. संध्याकाळी ते घरी आले. कारखान्यात एक खाडा झाला होता, आणखी झाले तर नोकरीवरच बेतणार होतं.

"तुमी पाळी सोडू नका," गोपिकाबाई म्हणाल्या. "कागद मी पाहतो."

चंद्रभान हसले नाहीत की रागावले नाहीत. "तू? कोर्टात?"

"काहून? कोर्टात बाया जात नाही का?"

मी हे ऐकलं, कारण आमच्या दोन खोल्यांमधली भिंत अर्धीच होती. मी जवळच्या शाळेत मास्तर होतो. गोपिकाबाई चौथी शिकलेल्या. छापलेलं वाचायच्या, हातचं लिहिलेलं अडखळत. रात्रीची जेवणं उरकल्यावर त्यांनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, अर्ज लिहून द्याल का? काय लिहाचं ते मी उद्या विचारून येतो." पुढे कितीतरी वर्षं अर्ज माझ्या हातचे आणि धावपळ त्यांची, असंच चालत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं थेट गावाकडच्या ठाण्यात गेल्या. वॉरंटची नोंद तिथे असणार हे त्यांनी स्वतःच ताडलं होतं. वॉरंटचं काम पाहणारे हवालदार नत्थूजी वयस्क होते, बरे होते. त्यांनी वही उघडली आणि वाचून दाखवलं: चंद्रभान रामाजी भोयर, खटला नंबर दोनशे एक्केचाळीस, सन एकाहत्तर. गोपिकाबाईंनी तो आकडा हातावर लिहून घेतला, नत्थूजींच्याच पेनानं.

तालुक्याच्या कोर्टात बाबूनं नोंदवही पाहिली. दोनशे एक्केचाळीस हा जुगाराचा खटला निघाला, आरोपी भलतेच. "तुमचा नाही हा," बाबू म्हणाला. "आणि एकाहत्तरचे निकाली कागद इथं राहिलेच नाहीत. नागपूरला जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले." म्हणजे ज्या नागपुरातून त्या सकाळी निघाल्या होत्या, तिथेच परत. घरी आल्या तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "नंबर चुकला गुरुजी. आता बिननंबरचं शोधा लागते."

रेकॉर्ड रूममध्ये मार्तंड चिटणवीस नावाचे कारकून होते. तीन पिढ्या कचेरीत काढलेलं घराणं, बोलणं शुद्ध आणि कोरडं. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि परत दिला. "अक्षर छान आहे. पण नुसत्या नावावर मी काय शोधू? इथे गठ्ठे निकालाच्या महिन्यानं बांधलेले आहेत. निकाल कधी लागला?"

"तारीख नाही माहीत साहेब."

"मग महिना?"

गोपिकाबाई बाकावर बसून आठवत राहिल्या. तडजोड झाली त्या दिवशी घरी कोण आलं होतं, काय रांधलं होतं, शेतात काय चाललं होतं. मग उठून त्या टेबलापाशी आल्या. "तान्हा पोळा झाला होता. जावेच्या पोरानं लाकडाचा बैल घरोघर फिरवला, त्याच्या दोन-तीन दिवसांनी हे कोर्टात गेले. बहात्तर साल."

मार्तंडरावांनी चष्मा काढून पुसला. "असं सांगा ना. म्हणजे सप्टेंबर." त्यांनी शोधाचा अर्ज नव्यानं लिहायला सांगितला, आणि तिसऱ्या दिवशी गठ्ठा खाली काढला. खटला सापडला. नंबर दोनशे चौदा. ठाण्याच्या वहीत कोणीतरी उतरवताना शेवटचे दोन आकडे उलटे घातले होते.

त्यांनी रोजनामा वाचून दाखवला. कोणत्या तारखेला काय झालं याच्या त्या दोन-दोन ओळी. शेवटची ओळ हवी ती होती: आरोपी हजर, उभयपक्षी तडजोड, आरोपी मुक्त, वॉरंट परत मागवावे. पण त्याआधीची एक ओळ होती, ती वाचताना गोपिकाबाईंनी त्यांना थांबवलं.

"ते वरचं पुन्हा वाचा."

"एकोणीस जानेवारी बहात्तर. आरोपी गैरहजर. कारण कळवले नाही. पकड वॉरंट काढावे."

गोपिकाबाईंचा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला, ती तारीख एकोणीस जानेवारी. चंद्रभान त्या सकाळी लेकराला घेऊन नदीकाठी गेले होते. त्यांनी नकलेचा अर्ज भरला, सही केली आणि चालत घरी आल्या, सिव्हिल लाइन्सपासून प्रताप नगरापर्यंत.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.

"त्या दिवशी तारीख होती. काहून नाही सांगतलं मले?"

चंद्रभान म्हणाले, "काय सांगू वं? मलेच तिसऱ्या दिवशी आठवलं."

नक्कल मिळायला आणखी चार दिवस लागले. पंधराव्या दिवशी साहेबांनी ती पाहिली, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि चंद्रभानना जायला सांगितलं. बाकीचे लोक इथंच उठून गेले असते. गोपिकाबाई बाबूच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. ठाण्याला जाणारं पत्र टपालानं नको, हाती द्या, म्हणाल्या. ते घेऊन त्या ठाण्यात गेल्या. नत्थूजींनी जुनी फाईल चाळली तर वॉरंट परत मागवणारं कोर्टाचं बहात्तर सालचं पत्रही तिथेच होतं. दोनशे चौदा नंबर वहीत कुठे जुळला नाही, म्हणून कोणीतरी ते बाजूला लावून दिलं होतं.

"झालं बाई तुमचं काम," नत्थूजी म्हणाले.

"वहीत लिहा भाऊ. तुमची बदली झाली तर नवा मानूस वही पाहीन, तुमाले विचारायले येणार नाही."

त्यांनी लाल शाईनं नोंद खोडली, खाली तारीख आणि पत्राचा नंबर लिहिला. गोपिकाबाईंनी पत्राच्या प्रतीवर पोच घेतली. चंद्रभानची नोकरी राहिली.

ही गोष्ट कंपनीच्या बसमध्ये पसरली. कारखान्यात आजूबाजूच्या गावांचे लोक होते, आणि गावच्या जुन्या भांडणांत नाव अडकलेले बरेच होते. पहिल्यांदा कळमेश्वरहून रुखमाबाई नावाची विधवा आली, तिच्या भावासाठी. मग महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी येऊ लागलं. गोपिकाबाई एकच क्रम सांगायच्या: आधी ठाण्यातून नंबर, मग कोर्टात ताळा, मग निकालाचा महिना, मग नक्कल. "नंबर दोन जागी पाहा. एका वहीवर इस्वास ठेवू नका." ज्यांना जमत नसे त्यांच्यासोबत स्वतः जायच्या. मार्तंडराव त्यांना पाहिल्यावर खुर्ची सरकवायचे. १९८४ मध्ये ते निवृत्त झाले, त्या दिवशी नव्या कारकुनाला त्यांनी सांगितलं, "या बाई महिना बरोबर सांगतात. ऐकून घ्या."

सगळेच शोध चांगले निघाले नाहीत. १९८२ मध्ये बाबाराव नावाचा एक माणूस आला. आपल्या नावाचं वॉरंट आहे का, एवढंच त्याला हवं होतं. गोपिकाबाईंनी शोधून सांगितलं, "हाय. खटला चालू हाय. उद्याच वकील घेऊन हजर व्हा." तो त्याच आठवड्यात घर सोडून पळाला. महिन्याभरानं पोलिसांनी त्याला पकडलं, आणि त्याची म्हातारी आई, बायजाबाई, आमच्या दारात येऊन ओरडली, "तुमीच सांगतलं पोलिसाईले!"

गोपिकाबाईंनी सांगितलं नव्हतं. म्हातारीला त्यांनी बसवलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत जामिनासाठी कोर्टात गेल्या. म्हातारी जाता-येता चार पावलं मागेच चालली. जामीन नामंजूर झाला, कारण तो एकदा पळाला होता.

चंद्रभान म्हणाले, "सोड आता हे. नसतं पाप डोक्यावर."

"सोडत नाही," त्या म्हणाल्या. "पन आधी विचारत जाईन."

तेव्हापासून कोणी आलं की त्या आधी एक प्रश्न विचारायच्या, अर्जाचा कागद मला द्यायच्या आधी: "निघालं तर हजर व्हाल?" काही लोक लगेच हो म्हणायचे. काही जण विचार करून सांगतो म्हणून जायचे आणि परत यायचे नाहीत. एक जण मात्र दीड वर्षानं परत आला, दाराबाहेर चपला काढल्या आणि म्हणाला, "निघालं तर होतो हजर, काकू. पाहा तुमी." त्या आत गेल्या, माझ्याकडे कोरा कागद मागितला आणि त्याला विचारलं, "गाव कोणतं? आणि भांडण कोणत्या महिन्यात झालं ते सांगा."