सहीखालच्या दोन रेघा

मी दहा वर्षे आमदार होतो. त्यांतील पहिली तीन वर्षे मी लोकांना फसवी पत्रे दिली. मजकूर खरा असे, सहीही माझीच असे. फसवणूक सहीच्या खाली होती.

ही रीत मला एका जुन्या सहकाऱ्याने शिकवली. शिफारस मनापासून असेल, तर सहीखाली दोन रेघा ओढायच्या. रेघा नसतील, तर पत्र फायलीला लावावे, काम करू नये. अधिकाऱ्यांना तसे सांगून ठेवलेले असे. आलेला माणूस विन्मुख जात नाही आणि नियमबाह्य कामही होत नाही, असे त्याचे म्हणणे. मला ते सोयीचे वाटले.

एका जून महिन्यात माकणीकडचा एक मेंढपाळ आला. मुलगी दहावी उत्तीर्ण झालेली. जिल्ह्याच्या ठिकाणी, मुलींच्या सरकारी वसतिगृहात तिची निवड झालेली. जातीचा दाखला मात्र तहसीलमध्ये अडकला होता. तो मिळेपर्यंत मुदत द्यावी, एवढेच पत्र त्याला हवे होते. मागणी रास्त होती. मला एक लग्न गाठायचे होते. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि निघालो.

दहा दिवसांनी लोहाऱ्याच्या बसस्थानकासमोर त्याने माझी जीप अडवली.

"साहेब, आज सांजच्याला यादी बंद व्हतीय. म्या चार खेटे घातले. तुमचं पत्र बघत्यात अन् गप बसत्यात. पोरीला पुन्हा मेंढरामागं धाडू का?"

त्याच्याजवळ पत्राची झेरॉक्स होती. मी ती पाहिली. सहीखाली एकही रेघ नव्हती. घाईत ओढायची राहिली होती.

त्याला जीपमध्ये घेतले.  वसतिगृहात पोहोचलो, तेव्हा गृहपालबाई यादीवर शिक्का मारण्याच्या तयारीत होत्या.

"साहेब, मी तरी काय करणार? तुमच्या सहीखाली रेघा नव्हत्या."

त्या हे त्याच्यासमोर बोलल्या.

"कसल्या रेघा?" त्याने मला विचारले.

सारवासारव करता आली असती. केली नाही. "रेघा नसल्या, की ते पत्र बाजूला ठेवायचे, असे आमचे ठरलेले आहे. तुमच्या पत्रावर ओढायला मी विसरलो."

तो म्हणाला, "आमी बी मेंढरांवर खूण करतो, साहेब. कोणतं ठिवायचं, कोणतं बाजारला न्यायचं. मेंढराला त्यातलं कायबी कळत न्हाय."

बाईंना हसू आले. मला आले नाही. मी त्यांच्याच टेबलावर नवे पत्र लिहून दिले. दाखला नंतर जोडण्याच्या अटीवर त्यांनी मुलीचे नाव यादीत घेतले. "आणखी तासाभराने आला असता, तर माझ्याही हातात काही उरलं नसतं," त्या म्हणाल्या. मी व्हरांड्यातील बाकावर बसून दोन पेले पाणी प्यालो. निवडून आलो त्या दिवशीही मला इतके हायसे वाटले नव्हते.

त्याच आठवड्यात सर्व कार्यालयांना कळवले: यापुढे माझी प्रत्येक सही खरी समजावी. जे काम होणार नाही, त्यासाठी पत्र न देता नकार द्यायचा, आणि तो तोंडावर द्यायचा, असे ठरवले. लगेचच एक जुना कार्यकर्ता जावयाच्या बदलीसाठी आला. बदली नियमात बसत नव्हती. तसे सांगितले.

"नुसतं पत्र द्या की, साहेब. काम न्हाय झालं तरी चालंल. जावयाला दाखवायला तरी व्हईल."

"दाखवायलाही देणार नाही."

"मग तुमाला आमदार कशापायी केलं?"

प्रश्न चुकीचा नव्हता.  त्याला चहा पाजून पाठवले.

नाराज माणसे वाढली, ती पुढच्या निवडणुकीतही दिसली. पण एक ओझे उतरले. आठवडी बाजारात समोरून कोणी आले, तर त्याला आपण कोणते पत्र दिले होते, हे आता आठवून पाहावे लागत नव्हते.