बडग्याचे कान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची इडापीडा घेऊन जाणारी बाईची मोठी पुतळी, निघते आणि तिच्यामागून बडगे. बडग्या म्हणजे लोक ज्याच्यावर चिडलेले असतील त्याचा पुतळा. त्याला वाजतगाजत मिरवायचं, मनसोक्त शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळायचं. पुढे मोठेपणी मी प्रदर्शनांतली बरीच खोचक शिल्पं पाहिली, पण एवढी रोखठोक टीका कुठे दिसली नाही.

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात नळाला कधीमधी करंगळीएवढी धार यायची, एरवी नळ कोरडेच. बडग्या पाणी खात्याचा, हे न बोलताच ठरलं. पंचाईत एवढीच की मोहल्ल्यात पाणी खात्याचा माणूस एकच होता, आणि तो माझा बाप. बाबा तिथे साधे कारकून! पण सगळा राग त्यांच्यावरच निघे. उन्हाळ्यापासून शेजारी त्यांच्याशी धड बोलतही नव्हते.

मी तेव्हा चित्रकला महाविद्यालयात शिल्पकला शिकत होतो, म्हणून बडग्याचं मुंडकं माझ्याकडे आलं. कागदाच्या लगद्यातून मी मुद्दाम कोणाचाच नसलेला चेहरा केला. तीन हनुवट्या केल्या, नाकाच्या जागी कोरडा नळ लावला. कान मात्र मनाने जमेनात. बाबा दुपारी खाटेवर घोरत पडले होते. त्यांच्या कानांकडे पाहत हात आपोआप चालले.

मिरवणुकीच्या सकाळी चौकात कोणीतरी ओरडलं, "अरे, हे तं आपल्या बाबूजीचे कान होय!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाबाच गर्दीतून पुढे आले. त्यांनी बडग्याचा कान चाचपला, मग स्वतःचा.

"काहून गा, दुसरे कान नाही भेटले तुले?"

त्यांनी खांद्यावरची ऑफिसची पिशवी काढून बडग्याच्या गळ्यात अडकवली आणि मिरवणुकीच्या पुढे झाले. "कोरडे नळ घेऊन जा गे मारबत!" त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. बडग्या पेटवायच्या आधी पिशवी तेवढी आठवणीने काढून घेतली.

परतताना शेजारच्या काकूंनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि चहा दिला. नळ दुसऱ्या दिवशीही कोरडेच होते, पण त्या संध्याकाळी बाबा फार खुशीत होते.

"शिव्या तं आजही देल्ल्या गा लोकाईनं," ते मला म्हणाले, "पण हासून देल्ल्या."