सान्वीने वडिलांना दिलेला निरोप

मित्रहो, आज सकाळी मांडवीत मुले आणि पालक यांच्यासोबत नव्या नाटकाची तालीम घेतली. संवाद लिहिण्यापूर्वी मी भूमिकांची अदलाबदल करून पाहते. मूल पालक होते, पालक मूल. ही पद्धत मला फार प्रिय आहे, कारण एरवी मनात राहणारे बोलणे मुले मोठ्यांच्या भूमिकेत सहज बोलून जातात.

दुसरीतली सान्वी आणि तिचे वडील पुढे आले. वडील जहाजावर नोकरीला आहेत आणि उद्याच निघणार आहेत. त्यांनी प्रसंगही तोच निवडला: घरून निघतानाचा.

वडील झालेल्या सान्वीने बॅग उचलली. "येतो हां, माझी बाय. रडायचा नाय. शहाणी ना तू?"

आवाज इतका हुबेहूब होता की सगळे हसले.

"बाबा, परत कधी येशील?" सान्वी झालेल्या वडिलांनी विचारले.

"कंपनी सोडेल तेव्हा. आईला त्रास देऊ नको."

इथे टाळी वाजवून मी प्रसंग थांबवणार होते. तेवढ्यात सान्वी झालेले वडील जमिनीवर बसले. "मी रडणार. तू नको म्हटलंस तरी रडणार."

सान्वी गोंधळली. यावर बाबा काय बोलतात, हे तिने कधी ऐकलेच नव्हते. तिने बॅग खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसली.

"मग रड," ती म्हणाली. "मी थांबतो."

हा प्रवेश मी जसाच्या तसा नाटकात घेतला आहे. तुमच्या घरातून कोणी दूर जायला निघते, तेव्हा मुलांना रडायला वेळ मिळतो का?