ब्लू-रेला कौल लावणारी माणसं

एक डिस्क विकत घेतली की तिच्यासोबत दोन-तीन किस्से फुकट येतात, हा आमच्या मंडळाचा आजवरचा अनुभव. डिस्क कपाटात जाऊन बसते आणि किस्से बाजारभर फिरतात. परवा एका लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाने मला विचारलं, "तुम्हीच ना ते मगरवाले?" तेव्हाच ठरवलं, आता आपणच सगळं सांगून टाकावं. निदान मगर तरी नीट सांगितली जाईल!

मंडळ म्हणजे आम्ही तिघं आणि एक काकी. मालवणच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. समोर बाबलचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं. पूर्वी तिथेच त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. तिसरे गवस सर, दोडामार्गचे निवृत्त शिक्षक, एवढ्या लांबून रविवारी गाडी हाकत येतात आणि आल्या आल्या पुस्तकी मराठीत रस्त्याला नावं ठेवतात. चौथी माझी सुमनकाकी. ती विजयदुर्गला असते.

आमचा नाद एकच, जुने साहसपट. चाचे, खजिने, जंगलं, तलवारी! हे सिनेमे आता कंपन्या साफसूफ करून ब्लू-रेवर काढतात आणि किंमत अशी लावतात की घरी सांगायची सोय नाही. म्हणून नियम असा की, एकाने घ्यायची, सगळ्यांनी बाबलच्या माडीवर बघायची आणि मग कौल लावायचा. उजवा कौल मिळाला तर बाकीच्यांनीही घ्यायची, डावा मिळाला तर नाही. डिस्क आत सारण्याआधी बाबल रिमोट हातात धरून गाऱ्हाणंही घालतो. "बा देवा म्हाराजा, ह्या डिस्काचो रंग इटलेलो आसात, आवाज फाटलेलो आसात, तर तो बाजूक कर रे म्हाराजा!" आम्ही मागून "व्हय म्हाराजा!" म्हणतो.

काकीला मात्र आमच्या डिस्कांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकच सिनेमा हवा होता.

*

मी जन्मायच्या आधी विजयदुर्ग किल्ल्यावर एका हिंदी साहसपटाचं शूटिंग झालं होतं. चाच्यांचं गलबत येतं, तटावर नायक तलवार उपसतो, आणि त्याच्या मागे, लांबच्या तटावरून काळी छत्री घेतलेला एक माणूस आरामात चालत जातो! गोष्ट राजेरजवाड्यांच्या काळातली आणि मागे आजची छत्री! थेटरात लोक शिट्ट्या मारायचे. तो माणूस म्हणजे माझे काका. शूटिंग बघायला गेले आणि सिनेमात शिरले.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे फोटो आहेत, पण सगळे ताठ, ओळखपत्रावरच्यासारखे. चालणारे काका फक्त त्या सिनेमात. यूट्यूबवर त्याची नुसती गाणी सापडतात. म्हणून काकांची तिथी झाली की काकी एसटीने मालवणला यायची, बाबल लायब्ररीतली जुनी कॅसेट लावायचा, काकी तेवढा एक प्रसंग बघायची, चहा घ्यायची आणि परत जायची.

पण आमची हवा खारी आणि दमट. कॅसेटला बुरशी धरली. बाबलने ती तांदळाच्या डब्यात ठेवून सुकवली, पुसली, देवासमोर ठेवून हात जोडले आणि लावली. नायकाने तलवारीला हात घातला मात्र, कर्रर्र करून मशीनने टेप खाल्ली! झाकण उघडून बघतो तर आत शेवयांसारखा गुंता. बाबल रडायच्या बेतात. आम्ही हादरून काकीकडे बघतोय, तर काकी म्हणाली, "आसांदे रे बाबल. मशिनीक भूक लागली आसतली."

त्या दिवशी ती चहा न घेता गेली. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मंडळाचं खरं काम एकच उरलं, तो सिनेमा डिस्कवर कधी येतो त्यावर डोळा ठेवणं. बाकीच्या डिस्क आपल्या वेळ काढायला.

*

आता ती मगर.

एक परदेशी जंगलपट. त्यात नायक नदीत मगरीशी झुंजतो. कॅसेटच्या काळात ती झुंज बघून पोरांची पाचावर धारण बसायची, कारण धड काहीच दिसायचं नाही. नुसतं काळं पाणी आणि जबडा! गवस सरांनी त्याची नवी फोर-के डिस्क आणली. चित्र असं लख्ख, की पाण्यावरची माशी मोजावी.

झुंज सुरू झाली आणि बाबलने एकदम पॉज केलं. मगरीच्या पोटावर शिवण होती! पांढऱ्या दोऱ्याचे टाके! आणि शेपटीच्या बाजूने रबरी चप्पल घातलेला एक पाय बाहेर आला होता!

बाबल खुर्चीवरून उठला, परत बसला. "ह्या मगरीक भियान मी जल्मभर खाडयेत पाय घालूक नाय रे! बापाशीन मारल्यान, मामान मारल्यान, पण मी होडयेत चढाक नाय! आणि ही मेली शिवलेली?"

गवस सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "भीती अगदीच वाया गेली असं समजू नका. आमच्याकडे नदीत खऱ्या आहेत."

बाबल अजूनही खाडीत उतरलेला नाही.

*

मी देवळाच्या कमिटीत आहे. एकदा जत्रेची मीटिंग चालू असताना कुरिअरवाला थेट सभामंडपात आला आणि माझं पार्सल अध्यक्षांच्या हातात देऊन गेला. पुठ्ठा प्रवासात फाटलेला. आतून डिस्कचं कव्हर डोकावत होतं. त्यावर जंगलची राणी. अंगावर सगळं मिळून दोन पानं आणि एक साप!

अध्यक्ष म्हणजे आमचे दाजी, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी चष्मा लावला, कव्हर पुढून बघितलं, मागून बघितलं.

"ह्यां काय?"

"साहसपट, दाजी," मी कसाबसा म्हणालो.

"साहस दिसताच हा," दाजी म्हणाले. "पण बघल्याशिवाय वाईट म्हणाचा कसा? कमिटीन बघूक व्हया."

रविवारी अख्खी कमिटी बाबलच्या माडीवर! सिनेमा निघाला बर्फाच्या डोंगरातला. ती राणी एका मिनिटापुरती आली, तीही नाकापर्यंत घोंगडी गुंडाळून. दाजी शेवटपर्यंत वाट बघत बसले. दिवे लागल्यावर संतापून उभे राहिले. "ह्यां फसवणूक आसा! साप सुद्धा दाखवक नाय!"

डावा कौल. एकमताने.

*

गवस सरांचा जीव रंगांत. एका वाळवंटपटाची डिस्क लावली आणि सर किंचाळलेच. नायकाचं तोंड गाजरासारखं, आकाश हिरवं! "हा नायक आहे की कावीळ झालेला पेशंट? हा कलेचा खून आहे!" त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला जळजळीत इंग्रजीत ईमेल ठोकला. व्याकरण तपासून पाठवला, हे विशेष.

तेवढ्यात बाबलची बायको शालनवहिनी चहा घेऊन वर आली. टीव्हीकडे बघून म्हणाली, "अहो, काल मॅचीसाठी लावलेला ता सेटिंग काडूक नाय काय?"

कंपनीचं उत्तर फार सभ्य होतं. आपल्या टीव्हीला लवकर बरं वाटो, एवढंच त्यात म्हटलं नव्हतं.

*

जुन्या कॅसेटचा एक घोळ नव्या पिढीला माहीत नसतो. थेटरातलं चित्र रुंद, घरचा टीव्ही चौकोनी. मग कॅसेट बनवताना चित्राच्या दोन्ही कडा सरळ कापायचे! कडेला उभा असलेला माणूस गायब. डिस्कवर आता पूर्ण रुंदीचं चित्र येतं आणि भलतीच माणसं उगवतात.

शालनवहिनीचा एक आवडता सिनेमा होता. इंग्रजी, त्यामुळे बोलणं कोणालाच कळत नसे. त्यात लढाईनंतर नायिका जमिनीवर कोणाला तरी कवटाळून हंबरडा फोडते. कोणाला, ते कडेला कापलं गेलेलं. वहिनी सांगायची, तिचो भाऊस मेलो. वाडीतल्या सगळ्या बायका त्या भावासाठी पदर ओला करायच्या. एकीने तर त्या रात्री जेवण टाकलं होतं.

आम्ही डिस्क आणली. वहिनीला मुद्दाम बोलावलं. नायिका धावली, कोसळली, हंबरडा फोडला. आणि या वेळी पूर्ण रुंदीत दिसलं. घोडा!

वहिनी हळूच म्हणाली, "आमी घोड्यासाठी रडलंव?"

बाबलने तिची समजूत काढली, "चांगलो घोडो होतो गो." पण तिने त्या सिनेमाचं नाव पुन्हा काढलं नाही.

*

आणि एका रविवारी गवस सर गाडीतून उतरायच्या आधीच ओरडले, "आला!"

काकीचा सिनेमा. ब्लू-रेवर! सरांनी मोबाईलवरचं परीक्षण मोठ्याने, एकेका शब्दावर थांबत, मराठी करून वाचलं. "रंग अप्रतिम. चित्र पूर्ण रुंदीत. डाग, ओरखडे आणि मूळ चित्रीकरणातले सर्व दोष काढून टाकले आहेत."

आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! बाबलने तिथूनच काकीला फोन लावला. "काकी, बुरशी नाय, डाग नाय, काय नाय! येवा!"

पलीकडून काकीने विचारलं, "खंयचा पातळ नेसू?"

कौल न लावता तिघांनीही घेतलेली आमची ही पहिली डिस्क.

*

काकी दुपारच्या एसटीने आली. मोरपंखी पातळ, केसांत अबोलीचा वळेसर. बाबलने तिला पुढची खुर्ची दिली. त्याने गाऱ्हाणं घातलं, पण आमचं "व्हय म्हाराजा" रोजच्यासारखं जोरात निघालं नाही.

सिनेमा सुरू झाला. काय सांगू! समुद्र असा निळा की खिडकीतून बघतोय असं वाटावं. तटाचा दगडन् दगड दिसत होता. गलबत आलं. नायकाने तलवारीला हात घातला. काकी पुढे सरकून बसली. तलवार उपसली. मागे लांबचा तट, तटावर आकाश.

आणि तटावर कोणीच नाही!

बाबलने मागे नेऊन परत लावलं. कोणी नाही. परत लावलं. स्वच्छ, रिकामा, धुतल्यासारखा तट. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. दोष! मूळ चित्रीकरणातले सर्व दोष! छत्रीवाला माणूस हा त्यांच्या लेखी दोष होता, तो त्यांनी कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता. माझे काका! आयुष्यात कधी पुस्तकी मराठी न सोडणारे गवस सर उठून ओरडले, "मेल्यांनी माणूस पुसलो!" बाबलने रिमोट कपाळावर मारून घेतला. काकीकडे बघायची आमच्यातल्या कोणाचीच छाती होईना.

"थांबय रे बाबल," काकीचा आवाज आला. "फाटी घे. हळू लाव."

ती उठून टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली होती. तिचं बोट तटावर नव्हतंच. ते पार उजव्या कडेला होतं, कॅसेटवर आम्हाला कधीच न दिसलेल्या भागात. तिथे बुरुजाची गोल भिंत होती, आणि तिच्यावर सकाळचं तिरपं ऊन पडलं होतं.

त्या उन्हात एक छत्री चालत होती. छत्रीची सावली!

"तेंका पुसूक जमला," काकी म्हणाली, "पण सावली रवली."

मी तर रडायलाच लागलो. काकांची ती चाल, खांदा जरासा वाकडा, पाऊल जरासं फेंगडं, सगळं त्या भिंतीवर होतं. बाबलने चित्र पाऊल पाऊल पुढे नेलं. सावली भिंतीच्या मधोमध आली आणि त्याने पॉज केलं.

मग आम्ही तिघंही खुर्च्या सोडून टीव्हीपाशी गेलो. छत्री एकच होती. तिच्याखाली डोकी दोन होती! एक काकांचं. दुसरं त्यांच्या आड, पलीकडच्या बाजूने चाललेल्या कोणाचं तरी, बुटकंसं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेण्या लोंबत होत्या.

शेवटी गवस सरांनी घसा साफ केला आणि अगदी अदबीने, पुन्हा पुस्तकी मराठीत विचारलं, "काकी, या दुसऱ्या बाई कोण?"

काकीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. बघतो तर ही हसतेय, कानापर्यंत लाल झालेली!

"हळू बोल रे मेल्या," ती म्हणाली. "तेवा आमचा लगीन खंय झालेला!"