बर्फ चांगला होता

सोव्हिएत संघाच्या आइस हॉकी संघाला सौदीतल्या अबकैकजवळच्या आमच्या कॅम्पात जेवढी निष्ठा मिळाली तेवढी त्याच्या स्वतःच्या देशातही मिळाली नसेल, आणि ती सगळी एकट्या चिलरवाल्या चाचांनी पुरवली. चाचा दापोलीकडचे. प्लांटमध्ये पाणी थंड करणाऱ्या मोठ्या यंत्रांवर, म्हणजे चिलरवर, कामाला. सौदीत आल्यावर पहिली काही वर्षं मात्र त्यांनी दम्माममधल्या एका मॉलचं बर्फाचं मैदान गोठवत ठेवलं होतं. तिथे स्केटिंग शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या रशियन माणसाने त्यांना मोडक्या अरबीत या संघाचा इतिहास सांगितला. चाचांनी तो तितक्याच मोडक्या अरबीत समजून घेतला आणि पुढे आम्हाला दापोलीच्या मराठीत ऐकवला. स्वतः त्यांनी एकही सामना पाहिलेला नव्हता.

इतिहासाचा वार शुक्रवार, नमाजनंतरचं जेवण. मेसमध्ये आम्हा पाच जणांच्या जागा ठरलेल्या होत्या, कारण त्या संघातले पाच जण कायम एकत्र उतरत आणि एकमेकांकडे न बघता चकती पुढे देत. म्हणून आम्हीही डाळ, मीठ, लिंबू न बघताच द्यायचं. मी चाचांच्या उजव्या हाताला. एकदा लबानचा, म्हणजे ताकाचा, आख्खा पेला महाडच्या वेल्डरच्या मांडीवर उलटला. "चाचा, बघून दिलात तर काय बिघडेल?" तो ओरडला. "बघितलंस म्हंजे भरवसा नाय," चाचा शांतपणे म्हणाले आणि न बघता त्याला फडका दिला. तो माझ्या ताटात पडला.

सोव्हिएत संघ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेला गेला आणि जिंकूनच परतला. तिथून चाचा ऑलिंपिकची सुवर्णपदकं मोजत पुढे जात, ते देश मोडल्यावर खेळाडू छातीवर अक्षरं नसलेल्या जर्सीत जिंकले तिथपर्यंत. मध्ये एक भोक होतं. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांनी या संघाला हरवलं होतं. ते कोणी काढलंच तर चाचा म्हणत, "त्या दिवशी बर्फ खराब होता. मला विचार, मी बर्फ केलाय." त्यांचा खरा जीव होता त्या संघाच्या सरावाच्या छावणीत. वर्षातले अकरा महिने खेळाडू एकत्र कोंडलेले, बायको नाही, पोरं नाहीत. "म्हणून जिंकले. काय समजलास?" वेल्डर विचारी, "मग आपलं मेडल कुठं अडकलंय, चाचा?"

गेल्या वर्षी प्लांटचा शटडाउन, म्हणजे यंत्रं थांबवून करायची मोठी दुरुस्ती, चालू असताना दापोलीहून फोन आला. चाचींना दवाखान्यात ठेवलं होतं. केरळचा सुपरवायझर भला माणूस. तो स्वतः मेसमध्ये आला. "चाचा, आज बोलो, कल घर जाने का एक्झिट-रीएंट्री वीज़ा निकालता हूँ."

"शटडाउन खलास करके जाता मैं," चाचा म्हणाले. "टीम छोडके कौन जाता है?"

त्यांना कोणीही अडवलं नव्हतं. ही नोंद मी मुद्दाम करतो, कारण पुढे कॅम्पात वेगळं सांगितलं जाऊ लागलं.

शटडाउन संपायला तीन दिवस उरले होते, तेव्हा चाची गेल्या. दफन त्याच दिवशी झालं. चाचांनी ते चिलरपाशी उभं राहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. फोन वेल्डरने धरला होता, कारण चाचांचे हात ग्रीसने भरले होते. कबरीवर माती पडत असताना ते हात चिंधीला पुसत राहिले. हात शेवटपर्यंत स्वच्छ झाले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी चाचा आपल्या जागेवर येऊन बसले. वेल्डरनेच, त्यांना बरं वाटावं म्हणून, विचारलं, "चाचा, त्या अमेरिकेच्या मॅचला बर्फ खराब होता ना?"

चाचांनी खुबूसचा, तिथल्या रोटीचा, तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "बर्फ चांगला होता," ते म्हणाले. "हरले ते. अकरा महिने घरी गेले नव्हते, तरी हरले."

मग त्यांनी लिंबाची फोड उचलली, मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या हातात ठेवली.

महिन्याभरात ते नोकरी सोडून कायमचे दापोलीला गेले. आता त्यांच्या खुर्चीवर जो आधी येईल तो बसतो. परवा जेवताना मी लिंबू न बघताच डावीकडे धरलं. तिथला नवा माणूस फोनमध्ये होता. हात थोडा वेळ तसाच राहिला.