शेजाऱ्याच्या घरावर बोली

मंडळी, या फळ्यापुढे दोन मिनिटं थांबा.

दुष्काळात उधारी बुडाली आणि आपल्या भिंगारचे कापडवाले अण्णा दिवाळखोर ठरले. आज सकाळी त्यांच्या घराचा लिलाव झाला. कोर्टाच्या रिसीव्हरनं आधीच सांगितलं होतं, "गहाण आणि बाकीची देणी फिटून उरेल ते अण्णांचं."

म्हणजे भाव चढायला हवा होता. पण शेजाऱ्याच्या घरावर बोली लावायची कशी, म्हणून आपण सगळे गप्प. परगावच्या कंत्राटदारानं पडेल भावाची बोली लावली.

दारातून वहिनी ओरडल्या, "अहो, बोला की कुणीतरी!"

मी पुटपुटलो, "बरं दिसत नाही, वहिनी."

"मग राहायला तुमच्याकडे येऊ का, भाऊजी?"

तेवढ्यात तीन वार झाले. देणीसुद्धा पुरती फिटली नाहीत, अण्णांना काय उरणार?

शेजारधर्म तर सगळ्यांनी पाळला. आता खोली कोण देतंय?