मायलो हेशनचा डफ

टपाल वाटून उरलेला वेळ एनिस गावच्या मायलो हेशनने वीस वर्षं एकाच आशेवर काढला: आपल्याला वादकांत गणावं. मांडीवरच्या डफाला ताल नव्हता, उत्साह मात्र उदंड होता. पबातल्या वादकांच्या बैठकीतून कुणाला ‘ऊठ’ म्हणणं असभ्य. म्हणून तो बसला की वादक मयताचा संथ विलाप छेडत, ज्याला ताल द्यायचाच नसतो.

शनिवारी मित्रांसोबत तिसऱ्या पबातही तेच झालं.

“कोण गेलं रे?” सोबतच्या डर्मटने विचारलं.

“गावातली धमक गेली, बाबा!” मायलो म्हणाला. “आता मलाच बघायला हवं.”

मायलोने विलापावरच डफ बडवायला घेतला. वादकांतल्या नुअलाने व्हायोलिन पेटीत ठेवलं.

“बघ,” मायलो म्हणाला, “ऐकायला थांबली.”